नक्कल करणार, रुजू घेणार

भाचीने डोळ्यातली लेन्स काढून तळहातावर ठेवली आणि माझ्यासमोर धरली. एवढीशी ती चकती फिक्या केशरी रंगाची झाली होती. "मामा, माझ्या डोळ्यातून रंग येतोय," ती म्हणाली. घाबरली नव्हती, चिडली होती. लघवी लाल होईल, घाबरून जाऊ नका, हे पालिकेच्या हेल्थ पोस्टवरच्या ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लेन्सचं विचारायला हीच विसरली. मग कपाटातला जुना चष्मा निघाला आणि पुढचे सहा महिने ती घाटकोपर ते चकाला मेट्रोने चष्मा लावूनच गेली.

तीन आठवडे खोकला, संध्याकाळी कणकण, वजन उतरलेलं. थुंकीची सीबीनॅट तपासणी झाली आणि टीबी निघाला. वजन ४७ किलो, म्हणून रोज उपाशीपोटी तीन गोळ्या. एकेका विटकरी गोळीत चार औषधं: आयसोनियाझिड ७५ मिलिग्रॅम, रिफॅम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४००, इथाम्ब्युटॉल २७५. रंग सगळा रिफॅम्पिसिनचा. लघवीत, घामात, अश्रूंत उतरतो तोही त्याचाच.

"हे औषध करतं तरी काय?" तिने विचारलं.

"जंतू मारतं," मी म्हणालो.

"फिनेलपण मारतं. ते प्या म्हणून कोणी सांगत नाही."

मुद्दा बिनतोड होता. मी निवृत्त माणूस, वेळच वेळ. शोधायला बसलो आणि दोन दिवसांनी माझं मलाच हसू आलं. मी नगर भूमापन कार्यालयात २८ वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी नक्कल विभागात. आणि हे औषध जंतूच्या नेमक्या त्याच विभागाला टाळं ठोकतं.

आता मालमत्ता पत्रक घरबसल्या डिजिटल सहीचं मिळतं, त्यामुळे तरुणांना नक्कल म्हणजे मिमिक्री वाटते. आमच्या वेळी नक्कल म्हणजे काय, ते सांगतो. मूळ मिळकत पत्रिका दप्तरातून बाहेर जात नाही. मंत्री येवो नाहीतर बिल्डर येवो. तुम्हाला हवी असते ती एका मिळकतीची माहिती; तुम्ही अर्ज करता, कारकून ते एक पान काढतो, त्यावरचा मजकूर दुसऱ्या कागदावर उतरवतो, पान परत जागेवर जातं. कागदाच्या तळाशी दोन सह्या: नक्कल करणार, रुजू घेणार. ज्याने उतरवलं तो पहिला, मुळाशी ताडून पाहिलं तो दुसरा. मग शिक्का, "खरी नक्कल". त्या कागदावर तुमचं कर्ज होतं, कज्जा चालतो, घर विकलं जातं. मूळ दप्तराला यातलं काहीच कळत नाही.

पेशीत तसंच चालतं. डीएनए हे दप्तर. क्षयाच्या जंतूचं अख्खं दप्तर १९९८ साली वाचून झालं: सुमारे ४४ लाख अक्षरं, त्यांत ४ हजारांच्या आसपास जनुकं. अक्षरं चारच, ए, टी, जी आणि सी. जंतूला एखादं प्रथिन करायचं असेल तर दप्तरातल्या तेवढ्याच जनुकाची नक्कल निघते, आरएनए नावाच्या दुसऱ्या, हलक्या कागदावर. पुस्तकी मराठीत याला प्रतिलेखन म्हणतात. शब्द चांगला आहे, पण माझ्या तोंडात नक्कलच बसली आहे.

नक्कल करणार आहे आरएनए पॉलिमरेज. हे एक मोठं प्रथिन, पाच तुकड्यांचं, आकार खेकड्याच्या नांगीसारखा. नांगीच्या फटीतून डीएनए सरकतो. पण ४४ लाख अक्षरांत सुरुवात कुठून करायची हे त्याला स्वतःला कळत नाही. त्यासाठी सिग्मा नावाचा सहावा तुकडा येऊन चिकटतो. जनुकाच्या सुरुवातीआधी काही ठरावीक अक्षरांची खूण असते, ती सिग्मा ओळखतो. क्षयाच्या जंतूकडे असे तेरा सिग्मा आहेत. रोजच्या कामाचा एक, उपासमारीचा दुसरा, माणसाच्या पेशींनी हल्ला केला की उठणारे वेगळे. कोणता सिग्मा कामावर आहे त्यावर दप्तरातली कोणती पानं निघणार ते ठरतं. आमच्याकडेही एक शिपाई होता. कोणतं पान कोणत्या गठ्ठ्यात, हे त्यालाच ठाऊक. तो रजेवर गेला की नक्कल खिडकी बंद.

जागा सापडली की पॉलिमरेज डीएनएचे पीळ दिलेले दोन धागे बारा-चौदा अक्षरांपुरते सोडवतं. एक धागा साचा म्हणून धरतं. साच्यावर सी आलं की समोर जी बसवायचं, जी आलं की सी, टी आलं की ए. आणि ए आलं की टी न बसवता यू बसवायचं, कारण आरएनएच्या वर्णमालेत टीच्या जागी यू असतो. पहिलं अक्षर, दुसरं अक्षर, दोघांची गाठ. तिसरं, गाठ. फट एक अक्षर पुढे सरकते, मागचा पीळ परत बसतो, आणि नकलेची शेपटी एका बाजूच्या बोळातून बाहेर पडू लागते. आपल्या आतड्यातला इ. कोलाय हा जंतू अशी सेकंदाला पन्नासच्या आसपास अक्षरं उतरवतो. क्षयाचा जंतू सगळ्याच कामांत संथ.

रुजू घेणारही इथे आहे, फक्त तोच तो. चुकीचं अक्षर बसलं की यंत्र अडतं, एक-दोन पावलं मागे येतं, चुकलेला तुकडा कापून टाकतं आणि पुन्हा लिहितं. तरीही लाखभर अक्षरांत एखादी चूक राहून जातेच. मूळ डीएनएची पुढच्या पिढीसाठी प्रत काढताना मात्र शंभर कोटींत एखादी, किंवा त्याहूनही कमी. हा फरक मला फार आवडला. मूळ दप्तरात चूक झाली तर ती वंशपरंपरेने चालणार. नकलेत झाली तर तो कागद काही मिनिटांत फाटणारच आहे. जंतूच्या नकला टिकवायला काढलेल्याच नसतात. वापरल्या, फाडल्या, गरज असेल तर नवी काढा. दर मिनिटाला परिस्थिती बदलते, कालच्या अर्जावर आज प्रथिनं करत बसलं तर जंतू मरेल.

माझी उपमा इथे लंगडी पडते, हे कबूल करून पुढे जातो. आमच्या नकला लोक तीस-तीस वर्षं लॅमिनेशन करून ठेवतात.

आता गोळी. रिफॅम्पिसिन पॉलिमरेजच्या बीटा नावाच्या तुकड्यात एका खोबणीत जाऊन बसतं. जिथे अक्षराला अक्षर जोडलं जातं ती जागा तिथून अगदी जवळ, पण ती जागा औषध अडवत नाही. सिग्मा खूण ओळखतो, धागे सुटतात, पहिलं अक्षर बसतं, दुसरं बसतं, गाठही पडते. कधी तिसरंही. मग नकलेचं टोक औषधाला टेकतं आणि पुढे सरकायला वाटच नसते. दोन-तीन अक्षरांचा तो चिटोरा गळून पडतो. यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू. पुन्हा दोन अक्षरं. पुन्हा चिटोरा. कारकून हजर, दप्तर उघडं, पेनात शाई, आणि कागद बाहेर यायच्या फटीत कोणीतरी बोट घालून बसलंय.

यात एक बारकावा आहे. जी नक्कल औषध येण्याआधीच सुरू झाली आहे, जिची शेपटी बोळातून पुढे गेली आहे, तिला रिफॅम्पिसिन काही करू शकत नाही. त्याची बसायची जागा त्या शेपटीनेच व्यापलेली असते. चालू नकला पुऱ्या होतात, नव्या सुरू होत नाहीत. मग आहेत ती प्रथिनं झिजत जातात, त्यांच्या जागी नवी येत नाहीत, आणि जंतू मरतो. ४४ लाख अक्षरांचं दप्तर शेवटपर्यंत शाबूत, एक पान फाटलेलं नाही.

भाचीला हे सांगितलं तेव्हा ती चष्मा पुसत म्हणाली, "म्हणजे ऑफिस चालू, खिडकी बंद." मला तीस ओळी लागल्या, तिला चार शब्द.

हे औषध मिळालं कसं, ती गोष्ट थोडक्यात. १९५७ साली इटलीतल्या मिलानच्या लेपेटी कंपनीच्या प्रयोगशाळेत फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पाइनच्या रानातली माती तपासली गेली. तिच्यातल्या एका जंतूपासून जे द्रव्य मिळालं त्याला त्या लोकांनी तेव्हा गाजत असलेल्या 'रिफिफी' या फ्रेंच चोरपटावरून टोपणनाव दिलं आणि तेच चिकटलं, रिफामायसिन. १९६५ साली त्यात फेरफार करून पोटातून घेता येणारं रिफॅम्पिसिन तयार झालं. ते नक्कल करणाऱ्या यंत्रालाच धरतं हे १९६७ साली जर्मनीत दाखवलं गेलं, आणि नेमकं कुठे बसतं याचं चित्र २००१ साली मिळालं. त्या मातीतल्या जंतूने स्वतःची सोय आधीच करून ठेवलेली होती, हेही सांगायला हवं. त्याच्या स्वतःच्या पॉलिमरेजची खोबणी थोडी वेगळी आहे, त्याचं विष त्याला बाधत नाही. आपल्या पेशींतल्या यंत्रालाही ती खोबणी तशी नाही, म्हणून आपण रिफॅम्पिसिन गिळून मेट्रोत चढू शकतो. आपल्या यंत्राला अडवणारं विष वेगळं आहे. ते काही रानटी अळंब्यांत असतं आणि यकृत संपवतं.

माझ्या आईच्या पिढीत क्षय म्हटलं की पाचगणीचं बेल-एअर, मिरजेजवळची वानलेसवाडी, मोकळी हवा, दूध, अंडी, आणि घरातली वेगळी भांडी. नंतर औषधं आली तरी ती दीड-दीड वर्ष घ्यावी लागत. ते सहा महिन्यांवर आलं त्यात मोठा वाटा या लाल गोळीचा.

पण सहा महिने तरी का? दीड महिन्यात भाचीचा खोकला गेला, वजन तीन किलोंनी वाढलं, आणि गोळ्या कंटाळवाण्या झाल्या. अशा वेळी घराघरांत होतो तो वाद आमच्याकडेही झाला. बहीण रडली. मी नक्कल विभागातून उत्तर काढलं.

क्षयाचे सगळे जंतू एकाच चालीने जगत नाहीत. फुप्फुसातल्या पोकळीत भराभर वाढणारे असतात. भराभर म्हणजे दिवसाला एकदा दुप्पट होणारे. ते आयसोनियाझिडने लवकर मरतात, कारण ते औषध नवी भिंत बांधणाऱ्याला पकडतं. पण काही जंतू निपचित पडलेले असतात. ना वाढ, ना बांधकाम. अशांना मारायचं कसं? तेही पूर्ण झोपत नाहीत. मधेच थोडा वेळ जागे होतात, थोडीशी हालचाल करतात, परत निजतात. हालचाल करायची तर प्रथिन हवं, प्रथिनासाठी नक्कल हवी. त्या थोड्या वेळात खिडकी उघडायला जावं तर फटीत बोट आहेच. रिफॅम्पिसिन चटकन काम करतं, त्यामुळे एवढी छोटी जाग त्याला पुरते. हा विचार ब्रिटिश संशोधक डेनिस मिचिसन यांनी मांडला. कोणता जंतू कोणत्या दिवशी डोळे उघडेल हे कोणाला माहीत? म्हणून पहारा रोज. दोन महिन्यांनी पायराझिनामाइड बंद होतं, रिफॅम्पिसिन शेवटच्या दिवसापर्यंत चालतं.

भाची म्हणाली, "म्हणजे मी बरी झालेय, पण ते झोपलेत." आणि गोळ्या चालू राहिल्या.

या खोबणीची एक दुसरी बाजू आहे आणि मुंबईला ती चांगलीच ठाऊक आहे. पॉलिमरेज हेही एक प्रथिनच. त्याच्या बीटा तुकड्याचा मजकूर त्याच दप्तरात, आरपीओबी नावाच्या जनुकात लिहिलेला आहे, साडेतीन हजारांवर अक्षरांचा. म्हणजे नक्कल करणारा स्वतःच्या नेमणुकीच्या कागदाची नक्कलही स्वतःच करतो. आता समजा, पिढी पुढे जाताना त्या जनुकात एका ठिकाणी टीसीजीचं टीटीजी झालं. एक सी गेला, एक टी आला. नकलेत यूसीजीच्या जागी यूयूजी उतरलं. प्रथिनात त्या ठिकाणी सेरिन या लहानशा अमिनो आम्लाऐवजी आडदांड ल्युसिन येऊन बसलं. खोबणीचा आकार बदलला. औषध आता तिथे धरत नाही, अक्षरं मात्र पूर्वीसारखीच जोडली जातात. इतकंच. साडेतीन हजारांत एक अक्षर, आणि साठ वर्षांचं औषध त्या जंतूपुरतं खडूची भुकटी.

असा बदल साधारण दहा कोटी जंतूंत एकात आपोआप सापडतो. ऐकायला विरळ वाटतं, पण फुप्फुसातल्या एका पोकळीत तेवढे जंतू सहज मावतात. म्हणजे एकटं रिफॅम्पिसिन दिलं तर बाकीचे मरतील आणि तो एक उरेल, मोकळं मैदान घेऊन. दुसरं औषध सोबत असेल तर त्यालाही दाद न देणारा तोच जंतू असायला लागतो, आणि तसा जंतू इतका विरळ की एका शरीरात सापडायचा नाही. विटकरी गोळीत चार औषधं एकत्र कोंबली आहेत ती यासाठी. मधेच सोडलेला, कमी घेतलेला, कुणाच्या सल्ल्याने अर्धाच केलेला डोस त्या एकट्याच्या पथ्यावर पडतो. २०१२च्या सुरुवातीला माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलेले, तपासलेल्या कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण बातम्यांत गाजले, तेव्हा ही गोष्ट साऱ्या शहराने ऐकली. त्यानंतर शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाचं नाव उच्चारताना लोकांचा आवाज आणखी खाली गेला.

आणि म्हणूनच भाचीच्या पहिल्या रिपोर्टवर दोन ओळी होत्या. पहिलीत टीबी आहे. दुसरीत, रिफॅम्पिसिन रेझिस्टन्स आढळला नाही. बहिणीने पहिली ओळ वाचली आणि खाली बसली. खरी महत्त्वाची दुसरी होती.

ती ओळ दोन तासांत कशी कळते? सीबीनॅटचं यंत्र आरपीओबीतली फक्त ८१ अक्षरं वाचतं. रिफॅम्पिसिनला दाद न देणारे बहुतेक सगळे बदल त्या ८१ अक्षरांतच सापडतात, कारण खोबणीच्या भिंती तिथेच लिहिल्या आहेत. थुंकीतल्या जंतूचं तेवढंच पान घेऊन यंत्र त्याच्या कोट्यवधी प्रती काढतं, मग मूळ मजकुराशी जुळणारे चकाकणारे तुकडे त्यात सोडतं. यंत्राच्या पहिल्या आवृत्तीत असे पाच तुकडे होते. मजकूर जुळला की तुकडा चिकटतो आणि उजळतो. पाचही उजळले तर खोबणी शाबूत, औषध चालणार. एक जरी काळा राहिला तर तिथे अक्षर बदललंय. हे तर सरळसरळ रुजू घेणं झालं, आमच्या दुसऱ्या सहीचं काम. आपल्या गोव्यात, वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीने बनवलेलं बॅटरीवर चालणारं ट्रूनॅटही त्याच जनुकावर बोट ठेवतं. वातानुकूलित खोली नसलेल्या आरोग्य केंद्रातही ते चालतं. २०२० साली त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली.

आता शेवटची गंमत, जी मला सगळ्यात उशिरा कळली. भाची थायरॉइडची गोळी घेते, रोज ५० मायक्रोग्रॅम. टीबीचं औषध सुरू होऊन सात-आठ आठवडे झाले आणि तिला पुन्हा सुस्ती यायला लागली. रक्त तपासलं तर टीएसएच वाढलेलं. डॉक्टरांनी गोळी ७५ची केली आणि म्हणाले, "रिफॅम्पिसिनमुळे होतं." मला वाटलं, जंतूच्या नकला थांबवणाऱ्या औषधाने आमच्याही थांबवल्या. गोष्ट बरोबर उलटी निघाली.

आपल्या यकृताच्या पेशींत पीएक्सआर नावाचं एक प्रथिन असतं. अनोळखी रसायन आलं की ते ओळखून आरोळी ठोकायची, हे त्याचं काम. रिफॅम्पिसिन त्याच्या पोटात अगदी नेमकं बसतं. मग पीएक्सआर केंद्रकात जातं, रसायनांची विल्हेवाट लावणाऱ्या जनुकांच्या सुरुवातीच्या खुणेशेजारी ठाण मांडतं, आणि आपल्या पॉलिमरेजला बोलावून घेतं. त्या जनुकांच्या नकला कितीतरी पटीने निघू लागतात. नकला वाढल्या की विकरं वाढली, विकरं वाढली की यकृत दिसेल ते रसायन फोडून, बांधून बाहेर फेकू लागतं. त्यात थायरॉइडची गोळी जाते, रक्त पातळ ठेवायचं वॉरफरिन जातं, गर्भनिरोधक गोळी जाते. रिफॅम्पिसिन घेणाऱ्या बायकांना गोळी चालू असतानाही दिवस राहिले, तेव्हा १९७० नंतरच्या दोन-चार वर्षांत डॉक्टरांच्या हे पहिल्यांदा लक्षात आलं. हेल्थ पोस्टवरच्या ताई प्रत्येकीला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारतात, तो यासाठी.

तेच औषध, तीच सकाळी उपाशीपोटी घेतलेली गोळी. फुप्फुसात जंतूची खिडकी बंद करते आणि चार बोटं खाली यकृतात आपल्या खिडकीवर रांग लावते.

मागच्या महिन्यात शेवटची पट्टी संपली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवीचा रंग गेला, पण डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी लगेच ५०वर आणू दिली नाही. औषध थांबलं तरी यकृतातल्या वाढीव नकला आणि त्यांवर बनलेली विकरं ओसरायला दोन आठवडे लागतात, आणि टीएसएच त्याहून संथ. सहा आठवड्यांनी रक्त तपासायला बोलावलंय. भाचीने मात्र वाट पाहिली नाही. रविवारी घाटकोपर स्टेशनबाहेरच्या चष्म्याच्या दुकानातून लेन्सची नवी जोडी आणली आणि जुनी केशरी जोडी डबीसकट माझ्या टेबलावर ठेवून गेली.